बुधवारची शांतता

सोमवारी सकाळी रात्रपाळी संपवून घरी आलो तर ओट्यावर सुमेधाचा डबा तसाच राहिलेला. पद्मजा मुलीला शाळेत सोडून तशीच सव्वाआठच्या बसनं पुण्याला ऑफिसात गेली असणार. डबा विसरणं माझ्या बायकोच्या स्वभावात बसत नाही, पण घाई कुणाला चुकली आहे? मी अजून बूट काढले नव्हते. डबा उचलला आणि खंडोबाच्या माळाच्या कडेनं शाळेकडे निघालो. आमची शाळा म्हणजे पूर्वीची कोंबड्यांची शेड. जमीन कारखान्यांना गेल्यावर गावातल्या एका घराकडे जो तुकडा उरला त्यावर ती उभी आहे. जाळ्यांच्या जागी अर्ध्या भिंती आल्या, चुना मारला, तरी उन्हं तापली की जमिनीतून कोंबड्यांचा वास वर येतोच. शेड शंभरेक पावलांवर असेल तेव्हाच आतला गलका कानावर आला आणि मी थांबलो. मला वाटलं, साप निघाला. एवढी पोरं एका वेळी ओरडण्याचं दुसरं कारण मला सुचेना, कारण मी दर बुधवारी त्याच शेडमध्ये तीन तास बसतो आणि तिथं टाचणी पडली तरी ऐकू येते. मी धावत सुटलो. धावताना त्या गलक्यातून एक आवाज वेगळा निघाला, खणखणीत आणि हुकमी. "ए, तू नाही! तू चोर आहेस! चोरानं जागा सोडायची नाही, सांगितलं ना एकदा!" एवढ्या गडबडीतही मनात आलं, कुणाची असेल ही पोरगी, काय गळा आहे. दारात पोचलो तर बाकावर उभी राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून ओरडणारी ती पोरगी माझी होती.

तिनं मला पाहिलं आणि तोंड मिटलं. बाकावरून उतरली, ओठांवर बोट ठेवलं, एकदा सगळ्यांकडे वळून पाहिलं. बावीस पोरं गप्प झाली. कंपनीत मुख्य बटण दाबल्यावर यंत्रं थांबायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मग ती चवड्यांवर चालत माझ्याजवळ आली, डबा घेतला आणि अगदी हळू, जवळजवळ नुसत्या श्वासानं म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपला नाहीत?" हा आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता. साडेपाच वर्षं मी हाच ऐकत आलो होतो. माझी मुलगी मुळातच हळू बोलते, असं मी कंपनीत चारचौघांत सांगायचो, आणि सांगताना मला बरंही वाटायचं.

सोमवारचा वार शालनबाईंचा. शेड त्यांच्याच सासऱ्यांची. नवरा सावळाराम आमच्याच कंपनीत पहिल्या पाळीला. त्या पदरानं कपाळ पुसत दारापाशी आल्या. "मुकुंदभाऊ, आज कसं काय? तुमचा वार तर बुधवार."

"डबा राहिला होता. हा एवढा आवाज... रोज असतो?"

"रोजच की. पोरंच ती. फकस्त बुधवारी न्हाई." त्या हसल्या. "तुमच्या सुमेधानंच नेम घालून दिलाय. बुधवारी कुणी वरडायचं न्हाई, माझं बाबा रातभर जागं असत्यात. आमचा बारका तर बुधवारी घरी आला तरी हळूच बोलतो. मी म्हनलं, आरं, हितं कोन निजलंय? तर म्हनतो, सुमेधाचा बाप." मीही हसलो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसलो आणि परत फिरलो. रस्ताभर तो पोरटा आईच्या कानात बोलतोय असं दिसत राहिलं.

या शाळेत 'वार' द्यावा लागतो. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात आम्ही निगडीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा पद्मजानं ही शाळा शोधून काढली. अरुंधतीताई नावाच्या बाई पुण्यातली चांगली मास्तरकी सोडून ती चालवतात. इंजिनिअरांची मुलं आणि गावातली मुलं एका सतरंजीवर. अट एकच, प्रत्येक घरातून आठवड्याला एक सकाळ कुणीतरी शाळेत यायचं, मुलांत बसायचं, जे येत असेल ते शिकवायचं. ज्या घराचा वार नाही त्या घराचं मूल नाही. पद्मजाला तर जूनपासून नोकरी लागली होती. माझी कायमची रात्रपाळी. सकाळ काय ती मलाच मोकळी. "तुम्ही बसाल?" तिनं विचारलं होतं, आणि त्या विचारण्यात 'नाही म्हणालात तरी चालेल' एवढी जागा ठेवली होती. मी हो म्हणालो. माझे वडील शिकले ते वार लावून जेवून. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि एखाद्या घरचा वार तुटला की त्या दिवशी उपास. ते सांगायचे, वाराच्या घरी पोटभर मिळतं, पण पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत आपण कुठे बघायचं तेवढं कळत नाही. मला पहिल्या बुधवारी तसंच झालं. मी सोडून सगळे वार बायकांचे. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या आया दारापाशी घोळक्यानं बोलत असायच्या. मी आलो की वाक्य अर्ध्यावर ठेवून खांद्यावर पदर घ्यायच्या आणि "या, बसा" म्हणायच्या. वाईट कुणीच नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी शेडमधली एकुलती एक खुर्चीसुद्धा ठेवली होती. त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा लख्ख कळलं की या कारखान्यांच्या भागात येऊन सहा वर्षं झाली आणि मी एकाही माणसाच्या घरी सहज जाऊन चहा प्यालेलो नाही.

तरी बुधवार मला आवडायला लागला होता, हे कबूल केलं पाहिजे. कारण पोरं माझ्यासमोर शहाण्यासारखी बसायची. मी त्यांना मोजायला शिकवलं, पानं, खडे, स्वतःची बोटं. कंपनीतली एक जुनी पट्टी नेली आणि कोण किती उंच ते भिंतीवर लिहिलं. सगळं कसं हळू आवाजात. शाळेत एक वही असते, तिच्यात ज्याचा वार त्यानं दिवसाबद्दल चार ओळी लिहायच्या. बाकीच्या आयांच्या नोंदी मी चाळायचो, तर सगळीकडे रडारड: आज फार दंगा झाला, आज अमक्यानं तमक्याला चावलं, माझा घसा बसला. आणि माझ्या अक्षरात बुधवारच्या बुधवार: 'गट शांत. तक्रार नाही.' मी इन्स्पेक्शन खात्यातला माणूस. भट्टीतून कडक होऊन आलेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, मापाच्या गेजवर लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. मला वाटलं, मुलांचंही आपल्याला जमतंय. बायकांना जे जमत नाही ते जमतंय, असंही वाटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं. एकदा अरुंधतीताईंनी माझी नोंद वाचून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वही मिटली. मी ते कौतुक समजलो. स्वतःच्या मुलीनं बांधून दिलेल्या शांततेवर मी चार महिने रुबाबात खुर्ची टाकून बसलो होतो.

त्या सोमवारी मला झोप आली नाही. तशी ती मला पूर्वीसारखी कुठे येते? रात्रपाळीला मी तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि सहा वर्षं झाली. भट्टी रात्री थांबत नाही, कुणीतरी लागतं. मला कुणी तिथं डांबून ठेवलं नव्हतं. मीच परत मागितलं नाही. रात्री खात्यात दोनच माणसं, त्यातला एक बहिरा झालेला. जॉब उचल, लाव, ठेव. कुणी विचारत नाही काय राव, गप्प का. मला बोलता येत नाही. म्हणजे तोंड आहे, शब्द आहेत, पण चार माणसांत ते वेळेवर बाहेर येत नाहीत, आणि आले की विषय पुढे गेलेला असतो. सुमेधा जन्मली तेव्हा मी रात्रपाळीतच होतो. सव्वा महिन्याची झाल्यावर पद्मजा तिला माहेराहून घेऊन आली ती थेट माझ्या दिवसाच्या झोपेत. मूल रडलं की पद्मजा तिला उचलून जिन्यात जायची. खुळखुळा कधी आणलाच नाही. भांडी टॉवेलवर पालथी घालायची सवय आमच्या घरात अजून आहे. सुमेधा पहिला शब्द बोलली तो 'शू', ओठांवर बोट ठेवून, आणि आम्ही दोघंही तेव्हा किती हसलो होतो! पाहुण्यांनासुद्धा करून दाखवायला लावायचो. सुट्टीचं तर आमच्या घरात सगळंच उफराटं. कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून या शाळेलाही गुरुवारी, पद्मजाला रविवारी. तिघं एकदम घरात मोकळी अशी कधी नसतोच, आणि माझा गुरुवार म्हणजे आठवड्याची झोप.

पण इथंच मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पद्मजालाही सांगितलेली नाही. दुपारी दोनला मला जाग येते. रोज. सुमेधा साडेबाराला शालनबाईंच्या मुलांबरोबर घरी येते, कडी न वाजवता दार लोटते, झाकून ठेवलेलं जेवते. खालच्या रुक्मिणीबाई एकदा डोकावून जातात. मग बाहेरच्या खोलीत ती एकटीच खेळते. मी आतल्या खोलीत, दार लावलेलं. दोनपासून चारपर्यंत मी पाठीवर पडून तिला ऐकत असतो. ती बाहुलीला जेवायला घालते, रागावते, शाळा घेते, सगळं कुजबुजत. शब्द कळत नाहीत. कधी एखादा चमचा फरशीवर पडतो आणि त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. ती श्वास धरून बसलेली असते, आणि इकडे मीही. दोघांच्या मध्ये एक पातळ दार. उठलो तर चार पावलं. एकदा उठलोही होतो. दार उघडलं तर ती दचकून उभी राहिली, बाहुली पाठीमागे लपवली, आणि डोळे भरून म्हणाली, "मी आवाज केला?" नाही गं, मी म्हणालो, पण तिला ते पटलं नाही, दिवसभर पटलं नाही. तेव्हापासून मी चारशिवाय उठत नाही. सुरुवातीला ते तिच्यासाठी होतं. पुढे, खरं सांगायचं तर, मला तेच सोयीचं झालं. निजलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, त्यानं काय बोलावं याची वाट बघत नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं वडील आळशी पोरांना उद्देशून म्हणायचे. स्वतःच्या मुलाबद्दल त्यांना असं कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी, पद्मजा भाकरी थापत होती आणि मी पाळीला निघायच्या आधी जेवायला बसलो होतो, तेव्हा मी विषय काढला. सुमेधा खाली रुक्मिणीबाईंकडे गेली होती.

"सुमी शाळेत ओरडते. तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. घरीही ओरडते की. रविवारी तुम्ही बाजारात जाता तेव्हा गाणी म्हणते. आम्ही दोघी भांडतोसुद्धा." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या तोंडावर त्या भांडणांच्या आठवणीनं हसू आलं होतं आणि ते हसू माझ्या वाट्याचं नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुम्ही बाहेर गेलात की घरात आवाज होतो, हे?" ती रागावून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती साधेपणानं बोलली, आणि भाकरी माझ्या ताटात वाढली, आणि पाणी आणायला वळली.

मला तो आवाज हवा होता. बाकावरचा, कमरेवर हात ठेवलेला. त्यानं माझ्यावर ओरडावं, मला चोर म्हणावं, जागा सोडायची नाही म्हणून दम भरावा. त्या रात्री मी एकामागून एक जॉब गेजवर लावत होतो आणि माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. सहा वर्षांत मला पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटली होती, आणि ती मागायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी घरी न जाता थेट शाळेत गेलो. अरुंधतीताई फळा पुसत होत्या. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल," त्या म्हणाल्या, "आणि मग वाटलं, मुकुंदराव स्वतःहून बोलतील."

पोरं आली ती चवड्यांवर. दप्तरं हळू ठेवली, सतरंजीवर बसली. मी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. "आज ओरडायचं," मी म्हणालो, "आज चोर-शिपाई. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल तो शिपाई." बावीस तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि मग ती सगळी सुमेधाकडे वळली. तिनं मान हलवली. नाही. मी स्वतःच ओरडलो, "चोर, चोर!" माझा आवाज मलाच परका वाटला, पत्र्याला जाऊन आदळला. कुणी हललं नाही. मग मी खाऊची स्टीलची परात उचलली आणि पट्टीनं दणादण वाजवली. मला वाटलं, पोरं हसतील. पुढच्या रांगेतला शालनबाईंचा बारका रडायला लागला. तेही तोंडावर हात धरून, आवाज न करता. मी परात खाली ठेवली. तेवढ्यात माझं बोट कुणीतरी धरलं. सुमेधानं मला ओढत शेडच्या कोपऱ्यात नेलं, तिथं चटई अंथरली, स्वतःच्या डब्याची पिशवी उशाला ठेवली. "झोपा, बाबा," ती कुजबुजली, "तुम्हाला बरं नाहीये. मी बघते सगळ्यांना." मी अरुंधतीताईंकडे पाहिलं. "पडा थोडं," त्या म्हणाल्या. आणि त्या पोरांना घेऊन मागच्या बाभळीखाली गेल्या.

मी आडवा झालो. मुलीनं दिलेली एवढी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, ती नाकारायची कशी? डोळे मिटले, श्वास एकसारखा केला. यात मी तरबेज आहे. मला वाटलं, मी झोपलो असं समजून ती बाहेर पळेल, आणि निदान भिंतीआडून तरी मला ऐकायला मिळेल. बाहेर थोड्या वेळानं गलका सुरू झाला, चोर-शिपाईच खेळत होते. तिचा आवाज त्यात नव्हता. मी वाट पाहिली. माझ्या कपाळावर माशी बसली आणि कुणीतरी ती हळूच हाकलली. मग मी डोळे किलकिले केले. ती माझ्याशेजारी गुडघ्यांना मिठी घालून बसली होती, दाराच्या उजेडाकडे बघत. बाहेर पोरं राज्य ठरवायला ओरडून आकडे मोजत होती आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, मुके. एकदा उठायला झाली, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसली. ती तशीच बसून राहणार होती. मी जेवढा वेळ पडून राहीन तेवढा वेळ, आणि पुढच्या बुधवारी, आणि घरी, दाराच्या पलीकडे.

"सुमी, जा खेळायला," मी म्हणालो.

ती वळली. "झोप झाली?"

हो म्हणता आलं असतं. मी उठून बसलो. "मी झोपलोच नव्हतो."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे, मग पिशवीचा दबलेला भाग, मग परत डोळे. तिच्या कपाळावर एक आठी पडली, तशी आठी मी तिच्या आईच्या कपाळावर पाहिलेली आहे. "मग डोळे का मिटले होते?" आवाज पूर्ण होता. पत्र्याखाली घुमला. बाहेरचा गलका एकदम थांबला आणि दारात पोरं गोळा झाली, त्यांच्यामागे अरुंधतीताई.

"तू म्हणालीस म्हणून."

"आणि घरी?" ती आता उभी होती. "घरीपण जागेच असता?"

दारातली सगळी तोंडं माझ्याकडे लागली होती. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची भीती वाटत होती, साडेपाच वर्षांच्या पोरीची.

"हो," मी म्हणालो. "दोन वाजल्यापासून."

"रोज?"

"रोज."

ती रडली नाही. तोंड लाल झालेलं. मग वळली आणि टाचा आपटत, दाणदाण, सगळी शेड ओलांडून दारापर्यंत गेली.

"ओरडा रे," तिनं पोरांना सांगितलं. "ते जागेच आहेत."